अंजीर, उंबर आणि एका वर्षाची मुदत

जांबोटीहून कणकुंबीच्या वाटेला लागले की ओढ्याकाठी उंबर भेटतात. खोडालाच घोसांनी लगडलेली फळे, खाली पडलेला लाल सडा, वर पाखरांचा आणि माकडांचा गलका. या झाडाची ओळख आपल्याला कोणी करून द्यावी लागत नाही. मराठी घरात तो औदुंबर, दत्ताचे स्थान. कानडी शेजाऱ्याकडे तोच अत्ती. फार दिवसांनी कोणी दारात आले की ‘उंबराचे फूल’ म्हणून आपण त्याचे स्वागत करतो. अंजिराचे तसे नाही. ते आपल्याकडे पेठेतून येते, सुकवून दोरीत ओवलेले, आजाऱ्यासाठी किंवा सणासुदीला. कानडीतले ‘अंजूर’ही बाजारातलेच.

बायबल मराठीत वाचताना माझी अडचण होते ती नेमकी इथे. पहिल्या पुस्तकापासून शेवटच्या पुस्तकापर्यंत या ग्रंथात अंजिराचे झाड पुन्हा पुन्हा येते. भाषांतरकारांनी ‘अंजीर’ हाच शब्द योजला आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो अगदी बरोबर आहे. पण मूळ हिब्रू वाचकाला हे झाड अंगणातले, आणि आपल्याला ते वाण्याच्या डब्यातले. या एका फरकामुळे अर्थाचा मोठा भाग आपल्या हातून निसटतो, असे मला वाटते.

मीखा संदेष्ट्याचा चौथा अध्याय पाहा. लढाया संपतील, तलवारींचे फाळ होतील, आणि जो तो आपल्या द्राक्षवेलीखाली व आपल्या अंजिराखाली बसेल, कोणी कोणाला घाबरवणार नाही, असे चित्र तिथे आहे. शलमोनाच्या राज्यातील सुबत्ता सांगतानाही हीच प्रतिमा येते, आणि जखऱ्याच्या पुस्तकात तर आपल्या झाडाखाली शेजाऱ्याला बोलावण्याची गोष्ट आहे. अंजीर म्हणजे स्वतःची सावली. चैन नव्हे, हक्काची जागा. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला ‘कोणी घाबरवणार नाही’ या शब्दांचे वजन निराळे सांगायला नको. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याने १७९० साली न्यूपोर्ट गावच्या ज्यू मंडळींना पत्र लिहिले, तेव्हा अभय देण्यासाठी त्याला हीच वेल आणि हेच अंजीर आठवले. अल्पसंख्य माणसाला काय हवे असते, ते त्या प्रतिमेत आधीच सांगून झाले होते.

हेच झाड पहिल्यांदा येते ते मात्र लाजेच्या प्रसंगी. आदाम आणि हव्वा यांना आपण उघडे आहोत हे कळले तेव्हा त्यांनी अंजिराची पाने शिवून अंग झाकले. (ज्याने हे पान हाताळले आहे त्याला त्याचा खरखरीतपणा आणि त्याचा चीक ठाऊक असेल, ते वस्त्र सुखाचे नसणार.) निषिद्ध फळ कोणते, हे मूळ ग्रंथ सांगत नाही, सफरचंद मागाहून आले. तालमुदात रब्बी नहेम्या यांचे मत असे की ते अंजीरच असले पाहिजे, कारण ज्याने बिघडवले त्यानेच सावरले. एकाच झाडाकडे अपराध आणि आच्छादन दोन्ही सोपवणारी ही कल्पना मला फार मोठी वाटते. त्याच तालमुदात धर्मग्रंथाच्या अभ्यासालाही अंजिराची उपमा दिली आहे. या झाडाची सगळी फळे एकदम पिकत नाहीत, जितक्या वेळा जाल तितक्या वेळा काही ना काही हाती लागते, तसेच शास्त्राचे. आंब्याला ही उपमा चालली नसती, उंबराला चालते.

शास्ते या पुस्तकातील योथामाची कथा तर आपल्या निवडणुकांच्या दिवसांत वाचावी अशी. झाडे राजा शोधायला निघतात. जैतून नाही म्हणतो, अंजीर म्हणते मी माझा गोडवा सोडून तुमच्यावर झुलत बसू काय, वेलही नकार देते. शेवटी काटेझुडूप तयार होते आणि साऱ्यांना आपल्या सावलीत बोलावते. काटेझुडपाची सावली ती केवढी! असो.

आता त्या अवघड प्रसंगाकडे वळतो, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. मार्काच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात भुकेलेला येशू दुरून पानांनी भरलेले अंजिराचे झाड पाहतो, जवळ जातो, फळ मिळत नाही, आणि तो झाडाला शाप देतो. वर मार्क स्वतःच सांगतो की तो अंजिरांचा हंगाम नव्हता. मग झाडाचा गुन्हा काय? भल्याभल्यांना हा प्रसंग खटकला आहे.

याचे एक उत्तर शेतकऱ्याचे आहे. पॅलेस्टाइनात अंजिराला दोनदा फळ येते. वल्हांडण सणाच्या सुमारास, वसंतात, जुन्या फांद्यांवर पानांबरोबरच कच्ची फळे धरतात. मुख्य पीक उन्हाळ्याच्या अखेरीस. म्हणजे भरपूर पाने आणि एकही कच्चे फळ नाही, असे झाड त्या वर्षी वांझच जायचे. आपल्या पुरंदरच्या अंजीर बागाईतदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. त्याच्याकडे खट्टा बहार आणि मीठा बहार असे दोन बहार असतात, जरी ऋतू आणि रीत निराळी असली तरी.

पण या उत्तराने माझे पुरते समाधान होत नाही. मार्काने ही गोष्ट कशी मांडली आहे ते पाहिले पाहिजे. शाप आदल्या दिवशी, झाड मुळापासून वाळलेले दिसते दुसऱ्या सकाळी, आणि मधोमध येशू यरुशलेमच्या मंदिरात शिरून सराफांचे चौरंग उलथून टाकतो. दोन फाकांत घातलेला हा प्रसंग आहे. पाने म्हणजे मंदिराचा थाट, आणि जवळ जाऊन पाहावे तर फळ नाही. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर जाळले, आणि मार्काचा ग्रंथ त्याच आगेमागे लिहिला गेला असे अभ्यासक मानतात. मत्तयाने हीच गोष्ट एकसंध सांगितली, झाड लगेच वाळवले. चमत्कार मोठा झाला, पण फाकांतला अर्थ पातळ झाला. येशूची भूकही नवी नाही. पहिल्या बहाराच्या अंजिरासाठी जीव आसुसला आणि एकही मिळाले नाही, हा विलाप मीखाच्या सातव्या अध्यायात आहे. आपल्या अंजिराखाली निर्भय बसण्याचे स्वप्न ज्या पुस्तकात, त्याच पुस्तकात ही रिकामी फांदी.

पुढे ख्रिस्ती उपदेशकांनी या वाळलेल्या झाडाला ज्यू समाज ठरवले आणि शाप त्या समाजावर ढकलला. हा अर्थ मला चुकीचा वाटतो, आणि युरोपात असल्या अर्थांनी काय केले ते आपण जाणतो. झाडाला बोलणारा स्वतः ज्यू होता, त्याची भाषा ज्यू संदेष्ट्यांची होती. घरातल्या माणसाने घराला दिलेला तो धक्का आहे. आपल्या कोकणातील बेने इस्राएल कुटुंबे शतकानुशतके मराठी बोलत, इलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करत शेजारी राहिली. त्यांच्यापुढे तो अर्थ उच्चारून पाहावा, म्हणजे त्याचा ओंगळपणा कळेल.

भाषांतराकडे परत येतो. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने बेळगावात काम सुरू केले, तेव्हापासून मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांतील शुभवर्तमाने या भागात शेजारी शेजारी वाचली गेली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. मराठी बायबलात एका जागी मात्र भाषेने बाजी मारली आहे. ठेंगणा जकातदार जक्कय येशूला पाहण्यासाठी झाडावर चढतो, ते झाड मराठीत उंबर झाले आहे. मुळातले झाड अंजिराचाच एक गावठी भाऊबंद, त्याचीही फळे खोडाला घोसांनी लागतात, आणि ती गरिबाची. आमोस संदेष्टा आपण याच फळांची निगा राखणारा म्हणून स्वतःची ओळख करून देतो. तिथे मराठी वाचक एका क्षणात आत शिरतो; जक्कय कोणत्या फांदीवर बसला असेल तेही त्याला दिसते. ‘अंजीर’ सगळीकडे बदलून उंबर करा असे मी म्हणणार नाही, ते खोटे होईल. पण वाचताना डोळ्यांसमोर उंबर ठेवावा. हबक्कूक म्हणतो, अंजीर फुलले नाही तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन. अंजिराचे फूल फळाच्या आत दडलेले असते, बाहेर दिसतच नाही, हे ज्याच्या वाक्प्रचारात मुरले आहे तो वाचक या ओळीवर दोन क्षण जास्त थांबेल.

लूक हा शापाचा प्रसंग गाळतो. त्याऐवजी तेराव्या अध्यायात तो एक दाखला देतो. द्राक्षमळ्यात लावलेल्या अंजिराला तीन वर्षे फळ नाही. मालक म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवायची? माळी म्हणतो, धनी, एवढे वर्ष राहू द्या. मी भोवती खणतो, खत घालतो. फळ आले तर बरे, नाही तर मग तोडा. मालकाने काय उत्तर दिले, ते लूक लिहीत नाही. चौथ्या वर्षी झाडाला काय आले, तेही नाही.