‘तपासणी’ आणि ‘बेवारस’ : दोन शब्दांची चिकित्सा

वारंगा फाटा या ग्रामनामातील ‘फाटा’ मुख्य मार्गापासून फुटणारी वाट दर्शवितो. ‘नियमाला फाटा देणे’ या प्रयोगात तोच शब्द टाळाटाळ सुचवितो. अर्थनिश्चिती संदर्भावाचून होत नाही, हा भाषाशास्त्राचा प्राथमिक सिद्धान्त होय. सामान-तपासणीच्या यंत्राविषयी जे उत्साहाने बोलले जाते, त्यात नेमका याच सिद्धान्ताचा विसर पडलेला दिसतो.

रॉण्टगेनने १८९५ मध्ये शोधलेल्या किरणांचे स्वरूप अज्ञात होते. म्हणून बीजगणितातील अज्ञाताचे चिन्ह त्यांना मिळाले आणि मराठीत ते ‘क्ष-किरण’ झाले. आजचे यंत्र दोन भिन्न ऊर्जापातळ्यांवर हे किरण सामानातून पाठविते व ते किती शोषले गेले यावरून पदार्थाच्या अणुक्रमांकाचा अदमास घेते. सेंद्रिय पदार्थ नारिंगी, धातू निळे व मधले पदार्थ हिरवे दिसतात. परंतु स्फोटकाप्रमाणेच साबण आणि गूळही नारिंगीच! म्हणजे हा रंग अनेकार्थी शब्दासारखा आहे. शेजारी तार आहे काय, विद्युत्घट आहे काय, हा संदर्भ लावतो तो पडद्यापुढील माणूस. यंत्र दाखविते, तपासतो मनुष्य. ‘यंत्राने तपासणी झाली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी त्यात खरा कर्ता लोप पावतो आणि त्याबरोबर त्याची जबाबदारीही.

‘बेवारस वस्तू’ हा प्रयोगही असाच चिंत्य आहे. ‘बेवारस’ म्हणजे ज्याला वारस नाही ते. पुण्याच्या जर्मन बेकरीत १३ फेब्रुवारी २०१० रोजी जी पिशवी फुटून १७ जणांचे प्राण गेले, तिला धनी होता; त्याने ती हेतुपूर्वक ठेवली होती. ‘सोडून दिलेली वस्तू’ म्हटल्यास सोडणारा निदान ध्यानात तरी राहतो.

येथे यंत्राची उपयुक्तता नाकारण्याचा हेतू नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये २६ नोव्हेंबर २००८ रोजी शस्त्रे पिशव्यांतूनच आत आली. रेल्वेने २०२ संवेदनशील स्थानकांसाठी आखलेल्या एकात्मिक सुरक्षा-योजनेत सामान-तपासणीचा अंतर्भाव आहे, तो योग्यच होय. झाकलेले उघड्यावाचून दिसणे हा मोठाच लाभ आहे. मात्र यंत्राला दार लागते, आणि दारातून जाणारा प्रत्येकजण त्यापुढे थांबावा लागतो. नांदेडहून येणारा मार्ग जेथे हिंगोलीकडे आणि यवतमाळकडे विभागतो, त्या फाट्यावर रस्त्यालगत एसटीत चढणाऱ्या प्रवाशापुढे असे दार नसते. तेथे वाहक, हमाल, चहावाला आणि सहप्रवासी यांची नजर हीच तपासणी.

सारांश, ‘तपासणे’ या क्रियापदाला सचेतन कर्ता परत दिला पाहिजे. तो नसेल तेथे यंत्र अखंड चालू असूनही नियमाला फाटाच मिळालेला असेल.