विटेच्या पोटातली रेषा

इष्टिकाचितीच्या एका कोपऱ्यातून निघून थेट पोटातून समोरच्या कोपऱ्यात पोचणारा कर्ण शाळेत एका सूत्रात उरकला जातो: लांबी, रुंदी, उंची यांच्या वर्गांची बेरीज करा, वर्गमूळ काढा. सूत्र पाठ होतं, सिद्धता वाचायची राहून जाते. ती खरं तर ओळीओळीला थांबत वाचावी अशी आहे.

पहिली पायरी तळावर. लांबी आणि रुंदी काटकोनात, म्हणून तळाच्या कर्णाचा वर्ग म्हणजे त्यांच्या वर्गांची बेरीज. आता हा कर्ण आणि उभी कड घेऊन दुसरा काटकोन त्रिकोण मांडायचा. पण उभी कड तळाच्या दोन कडांना लंब आहे, एवढंच आपल्याला ठाऊक आहे. मधून तिरक्या जाणाऱ्या कर्णालाही ती लंबच असेल, हे कशावरून? डोळ्यांना ते इतकं उघड दिसतं की शंकाच येत नाही. युक्लिडने मात्र ते गृहीत धरलं नाही. ‘एलिमेंट्स’च्या अकराव्या पुस्तकातलं चौथं विधान नेमकं हेच सिद्ध करतं: परस्परांना छेदणाऱ्या दोन रेषांना छेदनबिंदूपाशी लंब असलेली रेषा त्यांच्या सबंध प्रतलालाच लंब असते. माझ्या मते या सिद्धतेचा प्राण इथे आहे. दोन दिशांची खात्री पटली की अगणित दिशा हाती येतात.

पुढचं झरझर होतं. पायथागोरसचं प्रमेय पुन्हा लावताना तळाच्या कर्णाचा वर्गच लागतो, त्यामुळे मधलं वर्गमूळ काढावंच लागत नाही. एक सेंटिमीटर कडेच्या घनात √2 डोकावतो न डोकावतो तोच विरतो आणि √3 उरतो.

भरीव विटेच्या आत पट्टी घालता येत नाही. पण सारख्या तीन विटा घ्या. दोन शेजारी चिकटवून ठेवा, पहिलीवर तिसरी चढवा. दुसरीच्या डोक्यावर विटेएवढी पोकळी तयार होते आणि तिच्यातून कर्ण सरळ पट्टीने मोजता येतो.

पॉल हाल्के या जर्मन गणितज्ञाने 1719 साली 44, 117 आणि 240 ही मापं दिली. पृष्ठांवरचे तिन्ही कर्ण पूर्णांक: 125, 244, 267. आतला कर्ण मात्र 73225 चं वर्गमूळ, आणि 270 चा वर्ग 72900, तर 271 चा 73441. तिन्ही कडा, तिन्ही पृष्ठांचे कर्ण आणि आतला कर्ण, अशी सातही मापं पूर्णांक असलेली इष्टिकाचिती आजवर कुणाला सापडलेली नाही. ती असूच शकत नाही, हेही कुणी सिद्ध केलेलं नाही.