जनमत कोणाचे?

'जनमत प्रक्षुब्ध झाले' हे वर्तमानपत्री वाक्य मी तपासू इच्छितो. जून २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्यातील वाकडी येथे विहिरीत पोहल्याबद्दल मातंग मुलांना विवस्त्र करून मारहाण झाली. चित्रफीत पसरल्यावरच जनमत जागे झाले. १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. ती अफवाही मोबाइलवरूनच पसरली होती. साधन एकच. मग अफवा आणि मत यांत फरक कोणता? मत बनण्याआधी समोरच्याचे म्हणणे ऐकून घेतलेले असते. ज्यांचे म्हणणे गावाने कधी ऐकलेच नाही, त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' हे पाक्षिक काढले. त्यांना वगळून मोजलेल्या गर्दीला जनमत म्हणायला माझा नकार आहे.