एका संघाचे पाच गळ

टास्मानियातला ट्राउट मूळचा इथला नव्हे. १८६४ साली ‘नॉरफोक’ नावाच्या जहाजातून त्याची अंडी इंग्लंडहून आली. लाकडी पेट्यांत ओलं शेवाळ, भोवती बर्फाची रास, आणि वाटेत विषुववृत्त. आधीचे प्रयत्न फसले होते, पण जेम्स यूल या गृहस्थाने चिकाटी सोडली नव्हती. आणायचा होता खरं तर सॅमन. ट्राउटची थोडीशी अंडी सोबत म्हणून आली. हॉबार्टपासून जवळच, प्लेंटी नदीकाठच्या सॅमन पाँड्समध्ये ती उबवली गेली. सॅमन मोठे होऊन समुद्रात गेले, ते काही परतले नाहीत. ट्राउट मात्र इथल्या नद्या-तळ्यांत रुजला आणि इथूनच पुढे न्यूझीलंडलाही गेला.

माशापाठोपाठ त्याला पकडायची इंग्रजी विद्याही आली. आपल्याकडे कोकणात खाडीवर गरवायला बसतात तेव्हा गरीला कोळंबी लावतात आणि शिशाच्या वजनाने ती दूर फेकतात. फ्लाय फिशिंगमध्ये खरं आमिष नसतंच. हुकावर पिसं, लोकर, रेशीम गुंडाळून कीटकासारखी दिसणारी ‘फ्लाय’ बांधायची. तिला वजन जवळपास नाही, म्हणून वजन दोरीतच असतं. ती दोरी हवेत मागे-पुढे खेळवत न्यायची आणि फ्लाय पाण्यावर अशी उतरवायची, की माशाला ती वरून पडलेला किडाच वाटावी. हे मनगटात यायला वर्षं जातात.

कला नव्या मुलखात गेली की ती थोडी बदलते, आणि बदलली म्हणूनच टिकते असं माझं मत आहे. ‘रेड टॅग’ ही फ्लाय बघा. मोरपिसाच्या चकचकीत तंतूचं अंग, मागे लाल लोकरीचा तुरा, पुढे कोंबड्याच्या मानेचं तांबूस पीस. ती मूळची इंग्लंडच्या वूस्टरशरची, ग्रेलिंग माशासाठी बांधलेली. तो ग्रेलिंग इथे नाही. पण उन्हाळ्यात निलगिरीच्या झाडांवरचे भुंगेरे वाऱ्याने तळ्यात पडतात आणि ट्राउट त्यांच्यावर तुटून पडतात. त्यांना रेड टॅग हुबेहूब भुंगेऱ्यासारखी दिसते. त्यामुळे टास्मानियातल्या गरवणाऱ्यांच्या डबीत ती हमखास सापडते. पिसांचा विषय निघालाच आहे तर एक सांगायला हवं. सॅमनच्या जुन्या, श्रीमंती फ्लायवर जी ठिपक्यांची मानेची पिसं दिसतात, ती राखी रानकोंबड्याची. आपल्या सह्याद्रीत पहाटे आरवतो तोच हा. भारतातून त्यांची निर्यात आता बंद आहे. परदेशात पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरून फ्लाय बांधणारे कारागीर काम भागवतात.

या कलेची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही होते. ती १९८१ साली लक्झेंबर्गमध्ये सुरू झाली. टास्मानियाने तिचं यजमानपद १९८८ आणि २०१९ असं दोन वेळा निभावलं. २०१९ ला वैयक्तिक विजेतेपद इंग्लंडच्या हॉवर्ड क्रॉस्टनने मिळवलं. पण मला या लेखात कौतुक करायचं आहे ते विजेत्यांपेक्षा अशी सांघिक स्पर्धा उभी करणाऱ्या माणसांचं. मी इथल्या क्लबांच्या लहान स्पर्धांना स्वयंसेवक म्हणून जातो, आणि तिथे साचा तोच असतो.

एका संघात पाच जण. पाण्याचे पाच विभाग, काही नदीवर, काही तळ्यावर. पाच फेऱ्या, प्रत्येकी तीन तासांची. प्रत्येक फेरीत संघाचा एकेक माणूस एकेका विभागात, आणि शेवटी प्रत्येकाने पाचही विभागांत गळ टाकलेला. नदीवरच्या विभागाचे पुन्हा पट्टे पाडतात, प्रत्येकी निदान दोनशे मीटरचे, आणि कुणाला कोणता पट्टा ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. सगळ्यात कसाचं काम हे पट्टे पाडायचं. नदी काही सारखी वाहत नाही. एके ठिकाणी खडकांतून धावतं पाणी, पुढे खोल संथ डोह, त्यापुढे घोट्याइतकी उथळ पसरट वाट. प्रत्येक पट्ट्यात मासा लपायला जागा हवी, नाहीतर चिठ्ठी उघडताच स्पर्धा संपल्यासारखी होते. म्हणून आयोजक आधी दिवसभर नदीतून चालतात, काठीने खोली बघतात, खुंट्या ठोकतात, वाद घालतात आणि खुंट्या उपटून पुन्हा ठोकतात. नदी ओळखणारी जुनी माणसं यात लागतातच. त्यांच्यामागून फीत धरून चालणाऱ्या तरुणांना एका दिवसात जे कळतं, ते कुठल्याही पुस्तकात नसतं.

गुणांची पद्धतही विचार करून बसवलेली आहे. प्रत्येक माशाला शंभर गुण, वर दर सेंटिमीटरला वीस. म्हणजे पस्तीस सेंटिमीटरच्या एका ट्राउटचे आठशे आणि वीस सेंटिमीटरच्या दोन पिल्लांचे मिळून हजार. संघाच्या हिशेबात मात्र हे गुण थेट येत नाहीत, येतो तो त्या विभागातला क्रमांक. सगळ्यांच्या क्रमांकांची बेरीज करायची, ज्याची सर्वांत कमी तो संघ जिंकला. दहा संघ आहेत असं धरा. एका संघाचे चौघे आपापल्या विभागात पहिले आले, पण पाचव्याचा भोपळा फुटला नाही आणि तो दहावा राहिला. बेरीज चौदा. दुसऱ्या संघाचे पाचही जण दुसरे आले. बेरीज दहा, आणि ते वर. त्यामुळे संघातला सगळ्यात कच्चा गडी हाच सगळ्यांच्या काळजीचा विषय होतो. पहिल्या फेरीहून परतलेला मुरलेला गरवणारा जेवण बाजूला ठेवून नवख्याला सांगत बसतो, कुठल्या खडकाच्या आड मासे आहेत, फ्लाय किती खोल जाऊ द्यायची, कुठली बांधायची. स्वतःची डबी उघडून त्याच्या हातावर चार फ्लाय ठेवतो. एकेकट्याच्या स्पर्धेत असं गुपित कुणी सांगितलं नसतं. ही कला इथे पुढच्या पिढीकडे जाते ती मला तरी या पाच जणांच्या नियमामुळेच जाते असं वाटतं.

आणि प्रत्येक पट्ट्यावर एक कंट्रोलर असतो, म्हणजे मोजणारा साक्षीदार. मी तेच काम करतो. मासा जाळीत आला की गरवणारा ती पाण्यातच धरून माझ्याकडे चालत येतो. मी हात आधी नदीत बुडवून ओले करतो, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग धरतो. ओल्या केलेल्या मापाच्या पन्हळीत तो क्षणभर ठेवायचा. नाक एका टोकाला टेकलेलं, शेपूट पट्टीवर. पिवळसर पोट, तपकिरी पाठ, बाजूला फिकट कड्यांतले काळे-तांबडे ठिपके, आणि कल्ले जोरात हलत असतात. आकडा मोठ्याने म्हणायचा, कागदावर लिहायचा, सहीला कागद पुढे करायचा. हुकाला काटेरी अडकण नसते, त्यामुळे तो सहज निघतो. मग माशाला प्रवाहाकडे तोंड करून धरायचं, बळ आलं की तो स्वतःच निघून जातो. सहीवरून भांडण झालेलं मी अजून पाहिलेलं नाही, आणि हा विश्वास फक्त नियमांच्या पुस्तकातून येत नाही.

पहाटे थर्मास घेऊन डोंगराळ तळ्यांवर जाणाऱ्या या आयोजक-स्वयंसेवकांना नोव्हेंबरातही बर्फ झेलावं लागतं. बोटींचं इंधन, जेवणाचे डबे, परवानग्या, निकालपत्रकं, सगळं नोकरी सांभाळून, पदरमोड करून.

गणपतीच्या सुमारास इथला ब्राउन ट्राउटचा मोसम नुकताच सुरू झालेला असतो, तो पार एप्रिलअखेरपर्यंत चालतो. स्पर्धांना कंट्रोलर नेहमी कमी पडतात. स्वतः गळ टाकता आला नाही तरी चालतं, मोजायला आणि तीन तास एका जागी उभं राहायला शिकवतात. कमरेपर्यंतचे पाण्यातले बूट आणि लोकरीची टोपी एवढं मात्र आपलं आपण आणावं. ज्यांना यायचं असेल त्यांनी मला सांगावं, पुढच्या स्पर्धेच्या यादीत मी नावं घालून देईन.