अलंकार, अनुभव आणि उत्तरपत्रिका

'पुढील ओळींतील अलंकार ओळखा व स्पष्ट करा.' मराठीच्या प्रश्नपत्रिकेतला हा प्रश्न मी विद्यार्थी असताना सोडवला आणि पुढे शिक्षक म्हणून जळगाव-धुळ्याकडच्या मुलामुलींना वर्षानुवर्षे घातला. या प्रश्नाविषयी मला कधी शंका आली नाही. उपमा म्हणजे उपमा, रूपक म्हणजे रूपक. त्यात जातीचा आणि वस्तीचा काय संबंध, असेच मी धरून चाललो होतो. धुळ्यातल्या एका सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेने ही समजूत मोडली.

निबंधाचा विषय नेहमीचाच होता : पावसाळ्यातील एक दिवस. पांझरेकाठच्या वस्तीतून येणाऱ्या एका मुलीने लिहिले होते, 'पावसाळ्यात पाऊस आमच्या घरी मुक्कामाला येतो. तो आला की आम्ही त्याला जागा देतो आणि रात्रभर उभे राहतो.' मी खूश झालो. समासात लिहिले, 'चेतनगुणोक्ती. कल्पना सुंदर.' 'रात्रभर' या शब्दाखाली मात्र लाल रेघ ओढून 'अतिशयोक्ती टाळा' असा शेरा दिला. पेपर वाटले त्या दिवशी ती मुलगी तास संपल्यावर थांबली. म्हणाली, "सर, मी कल्पना नाही केली. पाणी घरात येतं. खाटेवर आजी आणि धाकटा भाऊ असतो, बाकीचे आम्ही उभेच असतो." तिने गुण वाढवून मागितले नाहीत. मी तिच्यावर खोटे बोलल्याचा आरोप केला आहे, एवढेच तिला वाटत होते आणि तो तिला पुसून हवा होता.

मी स्वतः अशाच घरात वाढलो. पाणी शिरले की भांडी वर कशी टांगतात, पुस्तके कुठे खोचतात, हे मला कोणी शिकवावे लागले नसते. तरी हातात लाल पेन आल्यावर माझा डोळा बदलला. ज्या घरात पाऊस खिडकीबाहेरच पडतो, त्या घरातून मी तिची वाक्ये वाचली. हा दोष माझा एकट्याचा असता तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण हा डोळा मला शिक्षणाने दिला आणि मी तो पुढच्या पिढीला देत होतो. म्हणून अलंकाराची परीक्षा नेमके काय तपासते, हे तपासणे मला आवश्यक वाटते.

उपमेची चार अंगे आपण मुलांकडून पाठ करून घेतो : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द. मुखाला चंद्र, डोळ्याला कमळ, चालीला हत्ती. गाइडात उदाहरणे ठरलेली, त्यांची उत्तरेही ठरलेली. 'सम', 'परी', 'जणू' असा शब्द दिसला की मूल अलंकाराचे नाव लिहिते आणि गुण घेते. ते उपमान कोणाच्या जगण्यातून आले, असा प्रश्न येत नाही. केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या बाईला, जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत दिवस काढणाऱ्या माणसाला, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे घर सांभाळणाऱ्या पोराला स्वतःचे उपमान सुचले तर त्याचे काय करायचे, हे उत्तरसूचीत नसते. म्हणजे परीक्षा अलंकाराच्या नावाची होते. अलंकार घडवणाऱ्या मनाची होत नाही.

निबंधाच्या प्रश्नात तरी या मनाला वाव मिळायला हवा. प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन अशी त्याची रूपे आज प्रश्नपत्रिकेत आहेत. पण तिथे दुसरी अडचण उभी राहते. परीक्षकाच्या अनुभवात जे नाही ते त्याला एक तर कल्पना वाटते किंवा अतिशयोक्ती वाटते.

याचे सर्वांत जुने उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी ही मातंग मुलगी तेव्हा चौदा वर्षांच्या आसपास होती. पेशवाईत अस्पृश्यांची मस्तके आणि तलवारी घेऊन चेंडूफळीसारखा खेळ चाले, असे तिने त्यात सांगितले आहे. हा निबंध आज नाव झाकून परीक्षकापुढे ठेवला तर काय होईल? एखादा 'रूपक' म्हणून बरोबरची खूण करील, दुसरा 'अतिशयोक्ती' म्हणून रेघ ओढील. मुक्ताने मात्र ते रूपक म्हणून लिहिले नव्हते. आपल्या माणसांवर काय गुदरले हे ती सांगत होती. एखादे वाक्य अलंकार आहे की हकीकत आहे, हे व्याकरणाच्या पुस्तकावरून ठरत नाही. वाचणारा गावाच्या कोणत्या बाजूला राहतो, यावरही ते ठरते.

गंमत अशी की हा वाद संस्कृत काव्यशास्त्रातही होऊन गेला आहे. वस्तू जशी आहे तशी सांगणे याला तिथे स्वभावोक्ती म्हणतात. दंडीने 'काव्यादर्शा'त तिला अलंकारांमध्ये पहिले स्थान दिले. कुंतकाने 'वक्रोक्तिजीविता'त तिला अलंकार मानायलाच नकार दिला. वस्तूचा स्वभाव हे तर अंग आहे; अंगालाच दागिना म्हटले तर मग दागिना घालायचा कशाला, असा त्याचा मुद्दा. दरबारातल्या पंडितांचा हा वाद आपल्याला परका वाटेल, पण त्याचा निकाल आपल्या उत्तरपत्रिकांवर रोज लागतो. व्याकरणाच्या पुस्तकात स्वभावोक्ती असते, पण कोपऱ्यात. आपण मुलांना नटवून लिहायला शिकवतो. जसे आहे तसे लिहिण्याचे सामर्थ्य तपासत नाही.

ते सामर्थ्य पाहायचे तर खानदेशाने फार लांब जाऊ नये. १९२९ साली बाबासाहेब अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून या भागात आले होते. परतताना चाळीसगावच्या लोकांच्या आग्रहावरून ते तिथे उतरले. महाराला टांग्यात बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. अखेर टांगा भाड्याने मिळाला, टांगेवाला मिळाला नाही. वस्तीतल्याच एकाने, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती, त्याने लगाम धरला. नदीवरच्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली नदीत गेला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी आठवणींत त्यांनी हा प्रसंग लिहिला. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केल्या. या लिखाणात चंद्र नाही, कमळ नाही. काय घडले, कोणत्या क्रमाने घडले आणि का घडले, एवढेच आहे. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही टांगेवाला स्वतःला वरचा समजू शकतो, हा निष्कर्षसुद्धा ते आवाज न चढवता काढतात.

आपण मुलांना 'मी पूल बोलतोय' असे आत्मकथन लिहायला सांगतो. मुले पुलाखालच्या झुळझुळ पाण्याविषयी लिहितात. चाळीसगावच्या पुलाला बोलायला लावावे, असे जळगाव जिल्ह्यातल्या किती शिक्षकांना सुचले असेल? मला तरी अनेक वर्षे सुचले नव्हते.

आता भाषेचा प्रश्न. धुळ्याकडची मुलगी 'माझी आई' न लिहिता 'मनी माय' लिहिते आणि तिच्या वाक्याखाली लाल रेघ येते. जळगावकडचा मुलगा 'मला'ऐवजी 'मले' लिहितो, त्याचा अर्धा गुण जातो. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशी मराठीच्या खंडात नव्हे, भिल्ली भाषांच्या खंडात घातली होती. २०११ च्या जनगणनेतही खानदेशीची नोंद मराठीहून वेगळी आहे. मोजणाऱ्याला जी वेगळी भाषा दिसते, ती तपासणाऱ्याला अशुद्ध मराठी दिसते.

पण या नियमाला एक मोठा अपवाद आहे, आणि तो नियमाचे पितळ उघडे पाडतो. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांनी रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतली. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती १९५२ साली पुस्तकरूपाने आली. त्यांनी संसाराला दिलेली चुलीवरच्या तव्याची उपमा आज पाठ्यपुस्तकांतून आणि व्याख्यानांतून सांगितली जाते. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचे नाव दिले गेले. म्हणजे छापलेल्या कवितेत जो 'मले' बोलीचे सौंदर्य ठरतो, तोच उत्तरात लिहिणारा विद्यार्थी चुकतो. एकाच प्रश्नपत्रिकेत हे दोन्ही घडू शकते.

बहिणाबाईंची थोरवी मला निःशंक मान्य आहे. पण त्या जमीन कसणाऱ्या लेवा कुटुंबातल्या होत्या आणि त्यांचा मुलगा स्वतः कवी होता. त्यांच्याच काळात खानदेशातल्या शेतांत मजुरीला जाणाऱ्या महार, मांग, भिल्ल बायाही गात असतील. त्यांच्या गाण्यापाशी कोण वही घेऊन बसले? गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत बाबासाहेबांवर दलित स्त्रियांनी रचलेल्या ओव्याही आहेत. वही नेली तर उपमा सापडतात, एवढे त्यावरून सिद्ध होते.

इथे आपल्याच कार्यकर्त्यांचा एक आक्षेप मला घ्यावा लागतो. ते म्हणतात, अलंकारशास्त्र हे दरबाराचे आणि ब्राह्मणी अभिरुचीचे शास्त्र; दलित साहित्याला त्याची गरज नाही, मग आपल्या मुलांना ते शिकवता कशाला? शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' १९९६ साली आले. त्याच्या आधीपासूनच आपली समीक्षा अनुभव आणि समतेचे मूल्य यांच्या बाजूने उभी आहे. ती भूमिका मला मान्य आहे. पण त्यावरून अलंकार टाकून द्यावेत, हे मला मान्य नाही.

एक तर हा प्रश्न बोर्डाच्या परीक्षेत येतो, पुढे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतही येतो. आपल्या मुलाने तो सोडून दिला तर नुकसान शास्त्राचे होत नाही, मुलाचे होते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. अलंकार कवितेपुरते नसतात. समाज त्यांच्या आधाराने चालतो. अपन्हुती म्हणजे उपमेय नाकारून त्याच्या जागी उपमानाची स्थापना करणे : हे मुख नव्हे, हा चंद्र आहे. जातिव्यवस्था दुसरे काय करते? समोर उभा असतो माणूस. ती म्हणते, हा माणूस नव्हे, हा महार आहे, हा मांग आहे. वरून स्तुती आणि आतून अवहेलना असेल तर तिला व्याजस्तुती म्हणतात. 'हरिजन' हा शब्द मला तिच्या फार जवळचा वाटतो. १९३८ साली मुंबई विधानसभेत एका विधेयकात हा शब्द घालण्यावरून बाबासाहेबांनी आणि त्यांच्या पक्षाच्या सभासदांनी सभात्याग केला. गोड शब्दाआड काय दडले आहे हे ज्याला ओळखता येते, तोच त्याला नकार देऊ शकतो. अलंकार ओळखण्याची परीक्षा हवी ती यासाठी.

म्हणून मी माझ्यापुरता वर्गातल्या चाचणीचा प्रश्न बदलला. अलंकाराचे नाव विचारतोच, कारण ते बोर्ड विचारणार आहे. पण त्यापुढे तीन गोष्टी विचारतो : हे उपमान कवीला कोणत्या जगण्यातून मिळाले असेल? तुमच्या घरातली, वस्तीतली किंवा कामावरची कोणती वस्तू तुम्ही त्या जागी ठेवाल? आणि हीच गोष्ट एकही अलंकार न वापरता चार वाक्यांत कशी सांगाल? उत्तर बोलीत लिहिले तर गुण कापत नाही; त्याचे प्रमाण मराठीतले रूप मुलाकडूनच शेजारी लिहून घेतो, म्हणजे दोन्ही त्याच्या हातात राहतात. याने बोर्डाची उत्तरसूची बदललेली नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्या मुलांची पाने कोरी यायची ती लिहू लागली. 'कमळासारखे डोळे' कमी झाले. भाकरी, विळा, फाटकी ताडपत्री, रॉकेलची चिमणी ही उपमाने आली. काही उपमा फसल्या, काही भाबड्या होत्या. फसलेल्या उपमेवर वर्गात बोलता येते. गाइडातून उतरवलेल्या उपमेवर बोलण्यासारखे काही नसते.

त्या मुलीच्या निबंधाकडे पुन्हा येतो. ती म्हणाली, मी कल्पना केली नाही. ते खरे होते. तरी तिच्या वाक्यात अलंकार होता. घरात शिरणाऱ्या पाण्याला तिने पाहुणा केले आणि 'मुक्काम' हा एकच शब्द वापरून, ज्याला नको म्हणता येत नाही अशा पाहुण्यापुढे उभे राहिलेले अख्खे घर दाखवले. ती हकीकत होती आणि ती रचनाही होती. मी तिला अलंकाराचे नाव दिले, हकीकत मात्र नाकारली. दुसऱ्या दिवशी मी ती उत्तरपत्रिका परत मागून घेतली, 'अतिशयोक्ती टाळा' हे शब्द खोडले आणि खाली सही केली. परीक्षकाने आपल्या चुकीखाली सही करण्याची पद्धत आपल्याकडे नाही. मराठीच्या शिक्षकांनी ती पाडावी, आणि आरंभ आपण, वस्तीतून आलेल्या शिक्षकांनी करावा.