दुर्मिळता आणि साक्ष : पोतोसीच्या रौप्यनाण्यांच्या संग्रहाविषयी

स्पॅनिश अमेरिकेतील टांकसाळींची रौप्यनाणी जमविणारा संग्राहक प्रथम एकच प्रश्न विचारतो : हे नाणे किती दुर्मिळ आहे? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु दुर्मिळता हेच एकमेव प्रमाण मानले म्हणजे नाण्याच्या साक्षीकडे दुर्लक्ष होते. आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथील नाण्यांवरून हे स्पष्ट होईल.

या टांकसाळीत १५७४ पासून नाणी पाडली जाऊ लागली. चांदीचे तुकडे तोडून, कातरून ते वजनास उतरवीत व हातोड्याने ठोकीत. त्यामुळे आकार ओबडधोबड राही. मात्र आठ रेआलचे नाणे सुमारे २७ ग्रॅम भरावे लागे. नाण्यावर टांकसाळीचे चिन्ह आणि कस पाहणाऱ्या पारख्याचे अक्षर असे. शुद्धतेची जबाबदारी कोणाची, हे त्या अक्षरावरून कळे.

१६४० नंतरच्या दशकात ही जबाबदारी पाळली गेली नाही. नाण्यांत चांदी कमी भरू लागली. राजा चौथा फिलिप याच्या वतीने नेस्तारेस मारिन याने चौकशी केली आणि १६५० मध्ये चांदीचा बडा व्यापारी गोमेस दे ला रोचा यास देहान्त शासन झाले. हिणकस नाण्यांचे मूल्य उतरविण्यात आले, काहींवर मुकुटाची प्रतिमुद्रा उमटविण्यात आली, पुष्कळशी वितळविली गेली. १६५२ मध्ये स्तंभ आणि लाटा यांचा नवा छाप आला.

या नाण्यांचा दुर्मिळपणा म्हणजे अविश्वासाचा परिणाम होय. तो गुण नव्हे, पुरावा आहे. उलट संग्राहकांत सर्वाधिक मान मिळतो तो निगुतीने पाडलेल्या पूर्ण गोल नाण्यांना. टांकसाळ काय करू शकत होती, हे ती सांगतात. ती नित्य काय करीत होती, हे वेडेवाकडे, प्रतिमुद्रित नाणेच सांगते.

प्राप्तिस्थानाचेही तसेच आहे. १६२२ मध्ये बुडालेल्या ‘आतोचा’ जहाजाचा मुख्य साठा १९८५ मध्ये हाती लागला. त्यातील वर्ष न उमटलेले नाणेही १६२२ नंतरचे असू शकत नाही, हे केवळ स्थानामुळे सिद्ध होते. स्थानाची नोंद हरवली की चांदी उरते, निष्कर्ष उरत नाही. यास्तव संग्रहाच्या नोंदवहीत किमतीच्या आधी वजन, पारख्याचे अक्षर, प्रतिमुद्रा आणि प्राप्तिस्थान यांचे रकाने असले पाहिजेत. ज्या संग्रहात ते नाहीत, तो कितीही मौल्यवान असला तरी अभ्यासास मुकाच राहतो.