करडी भिंत आणि आईचा चेहरा

दिवाळीची झाडलोट निघाली की आमच्या माजघरातल्या भिंतीवरून आईचा फोटो खाली उतरतो. मी तो पुसतो, आणि दरवर्षी मला त्याचा राग येतो. आई गेल्यावर एका फोटोवाल्याने तो मोठा करून दिला. त्याने तिच्यामागे निळा पडदा सोडला, कोपऱ्यात गुलाब फुलवले, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या. बाई प्रसन्न दिसते. पण ती आमची आई नव्हे.

यंदा भाच्याने मोबाइलवर त्याच फोटोतले सारे रंग उतरवले. "मामा, बघा, आता कसा गंभीर दिसतो!" गंभीर दिसत होता खरा, पण पडदा, गुलाब, लुगडे आणि चेहरा सगळेच राखेत लोळून आल्यासारखे. हल्ली अशा उदास, फिक्या तसबिरींची मोठी चलती आहे. रंग काढला की भाव आपोआप येतो, अशी समजूत दिसते. मी त्याला शाळेच्या कपाटातले एक जुने चित्रपुस्तक आणून दाखवले.

त्यात व्हिसलर या अमेरिकन चित्रकाराने १८७१ साली लंडनमध्ये रंगवलेले आपल्या आईचे चित्र आहे. मूळ चित्र पाच फुटांहून रुंद, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात. माझ्या वाट्याला आली ती तळहाताएवढी छापील प्रत. पण तेवढ्यातही म्हातारी मला चटकन भेटते. भिंत करडी, पोशाख काळा, डावीकडच्या गडद पडद्यावर नक्षी आहे तीही दबलेली. बाई एका कुशीने बसली आहे. आपल्याकडे पाहतसुद्धा नाही. मग नजर तिच्याच चेहऱ्यावर का जाते? कारण चित्रातली थोडीशी ऊब चित्रकाराने तिथे आणि मांडीवरच्या हातांत राखून ठेवली आहे. गालाला किंचित लाली आहे. काळ्या पोशाखाचा भार त्या चेहऱ्यावर येऊ नये म्हणून मध्ये पांढरी, झिरझिरीत टोपी आहे. भिंतीवर चौकट टांगली आहे, पण डोक्यामागची जागा मोकळी. आणि ती भिंत फार उजळ नाही, फार काळोखीही नाही. उजळ असती तर टोपी तिच्यात विरघळली असती. नाटकात मुख्य पात्र बोलू लागले की बाकीची मंडळी गप्प उभी राहतात, तसे हे करडे रंग गप्प राहिले आहेत. (वर्गात मला हे कधी साधलेले नाही!)

व्हिसलरने चित्राला नाव दिले ते 'करड्या आणि काळ्या रंगांची रचना, क्रमांक १'. बाई कोण, याच्याशी लोकांना काय करायचे आहे, असे त्याचे म्हणणे होते. हे मला पटत नाही. नुसती रचनाच हवी होती तर तो गाल इतक्या हळुवारपणे का रंगवला? त्याच्या हाताला जे ठाऊक होते ते त्याच्या तोंडाने नाकारले, एवढेच. लोकांनी मात्र दुसरे टोक गाठले. १९३४ साली अमेरिकेने मातांच्या सन्मानार्थ तिकीट काढले, त्यावर हीच आई. आणि तिच्या पायांशी चक्क फुलांची कुंडी ठेवली! आमच्या फोटोवाल्याचा भाऊच तिथल्या टपाल खात्यात असावा.

भाचा हुशार. त्याने विचारले, "पण मामा, मूळ फोटो कुठे आहे?" तो ट्रंकेत होता. स्वयंपाकघराच्या दारात आई पाटावर बसलेली, एका बाजूने अंगणातला उजेड. मागे मांडणी, लाल डबा, कॅलेंडर. भाच्याने मांडणी आणि डबा अंधारात ढकलले, कॅलेंडरचा भडकपणा मारला, लुगड्याचा हिरवा रंग निम्म्यावर आणला. चेहऱ्याचा रंग कमी करायला त्याचे बोट वळले तेव्हा मी त्याचा हात धरला. सुरकुत्या राहिल्या. गालावरचे देवीचे वणही राहिले.

संध्याकाळी अक्का फराळाचे डबे घेऊन आली. डबे हातातच ठेवून ती भिंतीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, ही इतकी वर्षे कुठे होती?"